पडद्यावरच्या गर्दीचा हजेरीपट

(अभनपुर, जिल्हा रायपूर येथे मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळच्या सत्रात आपण शेतमजुरांच्या किमान वेतनाची चर्चा केली आणि दुपारच्या सत्रासाठी चित्रपट व दूरदर्शन मालिकांत गर्दीचे काम करणाऱ्या माणसांचा विषय ठेवण्यात आला आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून काही साथींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी पाहिले. सिनेमा म्हटला की तो करमणुकीचा विषय, फार तर संस्कृती आघाडीचा. वेतन, हजेरी, कामाचे तास यांच्याशी त्याचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की सकाळचा विषय आणि दुपारचा विषय हे दोन नाहीत. तो एकच विषय आहे.

प्रथम, हा विषय अभनपुरात कशासाठी, याचे उत्तर दिले पाहिजे. येथून रायपूरकडे जाताना नव्या राजधानीचा प्रदेश लागतो. त्या प्रदेशात माना-तूता येथे ‘चित्रोत्पला’ नावाची फिल्मसिटी उभारण्याची योजना मंजूर झाली आहे. चित्रोत्पला हे आपल्या महानदीचे प्राचीन नाव. ही फिल्मसिटी आणि तिच्यासोबतचे आदिवासी व सांस्कृतिक संमेलन केंद्र यांसाठी मिळून १४७ कोटी ६६ लाख रुपये केंद्र सरकारने २०२४ साली मंजूर केले. तूता हे नाव तुम्हाला आणखी एका कारणाने परिचित आहे. रायपूर शहरात बुढा तालाबाजवळ होणारी धरणी शहराबाहेर नेऊन तूत्याला बसविण्यात आली. म्हणजे ज्या गावाच्या माळावर खऱ्या मागण्या घेऊन खरी माणसे बसली, त्याच गावाच्या शिवारात उद्या चित्रीकरणासाठी खोट्या सभा भरतील, खोटे मोर्चे निघतील, खोटे बाजार मांडले जातील. आणि त्या सभांत, मोर्च्यांत, बाजारांत उभी राहायला माणसे लागतील. नायक मुंबईहून विमानाने येईल. गर्दी मात्र कोणी विमानाने आणत नाही. ती या पंचक्रोशीतूनच घेतली जाईल. नव्या राजधानीत ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांनी २०२२ साली दीर्घ आंदोलन केले, त्यांचीच मुले-मुली त्या रांगेत उभी असतील. म्हणून हा प्रश्न आपल्या दारात येण्यापूर्वी तो समजून घेणे आवश्यक आहे.

‘जादा’ माणूस

मी पक्षाच्या कचेरीत भाषांतराचे काम करते. त्यामुळे कोणताही विषय हाती आला की प्रथम त्यातील शब्द मला अडवितात. या धंद्यात पूर्वापार रूढ असलेला शब्द ‘एक्स्ट्रा’. मराठीत त्याचा सरळ अर्थ ‘जादा’. जो नसला तरी चालेल, जो उरलेला आहे, तो जादा. पुढे हा शब्द अपमानकारक वाटू लागला म्हणून ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हे नाव आले. मराठीत कोणी ‘सहकलाकार’ म्हणतात. नाव बदलले हे चांगलेच झाले. पण नाव बदलल्याने संबंध बदलत नाहीत. शेतमजुराला कोणी ‘भूमिपुत्र’ म्हटले म्हणून त्याची मजुरी वाढत नाही.

आणि हा माणूस खरोखरच ‘जादा’ आहे काय? कल्पना करा, न्यायालयाचे दृश्य आहे आणि मागची बाके रिकामी आहेत. लग्नाचे दृश्य आहे आणि मांडवात वधूवर सोडून कोणी नाही. बाजार आहे आणि गिऱ्हाईक नाही. ते दृश्य तत्क्षणी कोसळेल. नायकाच्या भाषणाला वजन येते ते समोर ऐकणारी हजार माणसे असतात म्हणून. ज्याच्यावाचून माल तयार होत नाही, त्यालाच जादा म्हणायचे आणि त्याच्या श्रमाचा वरकड भाग दुसऱ्याने न्यायचा, ही भांडवली उत्पादनाची जुनी रीत आहे. या धंद्याचे वैशिष्ट्य एवढेच की येथे कामगाराचे कौशल्य लक्षात न येण्यात आहे. गर्दीतील माणूस प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरला तर त्याचे काम बिघडले. जो दिसता कामा नये असे काम करतो, त्याचे हक्कही कोणाला दिसत नाहीत.

आवाज न काढता दिलेल्या घोषणा

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बी. ए. झाल्यावर कायमचे काम मिळेपर्यंत सुमारे एक वर्ष मी मुंबईत हे काम केले आहे. त्या वर्षाविषयी थोडे सांगते.

आदल्या रात्री सप्लायरचा निरोप येई : उद्या पांढरी साडी, किंवा उद्या जरीची. पांढरी म्हणजे मयताचे दृश्य, जरीची म्हणजे लग्नाचे. कपडे बहुतेक वेळा आपलेच. पहाटे साडेपाचला घर सोडायचे, सहाला ठरलेल्या स्टेशनबाहेर उभे राहायचे. सप्लायरचा माणूस रांगेवरून नजर फिरवीत जाई आणि बोट दाखवून माणसे निवडी. गोरी, उंच, ‘चांगल्या घरची’ दिसणारी माणसे एका बाजूला, कारण त्यांना श्रीमंताच्या मेजवानीत उभे करायचे. काळीसावळी, रापलेली माणसे दुसऱ्या बाजूला, ती झोपडपट्टीच्या आणि दंगलीच्या दृश्यासाठी. दोन्ही बाजूंची मजुरी वेगळी. समाजात जी उतरंड आहे तीच तेथे बोटाने मोजली जात होती, आणि तिच्यावर भावपत्रक लावलेले होते.

मग वाट पाहणे. या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणे होय. प्रकाशयोजना होईपर्यंत, नायिका तयार होईपर्यंत, ढग सरेपर्यंत. नंतर सहायक दिग्दर्शक येऊन सांगे : तू येथून तेथे चालत जा. याला ‘पासिंग’ म्हणतात. तेच चालणे दहा वेळा, पंधरा वेळा. प्रत्येक वेळी त्याच वेगाने, तीच पिशवी त्याच हातात. पाळी बारा तासांची. मी जेथे जेथे गेले, तेथे बायकांना कपडे बदलायला आडोसा मिळेलच असे नव्हते. जेवणाच्या रांगा दोन असत, आणि त्या दोन रांगांतील वरण सारखे नसे.

एका मालिकेत गिरणी कामगारांच्या संपाचा प्रसंग होता. आम्हा सत्तर-ऐंशी जणांना लाल झेंडे देऊन रस्त्यावर उभे केले. ध्वनिमुद्रण नंतर होणार होते, आणि पुढे दोन नट बोलत होते. म्हणून हुकूम झाला : मुठी वळा, तोंडे उघडा, घोषणा द्या, पण आवाज काढू नका. माझ्या शेजारी साठीच्या घरातील एक बाई उभी होती. तिचा नवरा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात त्यांच्या घरची चूल विझली ती पुन्हा नीट पेटलीच नाही. दोन दृश्यांच्या मधल्या वेळेत ती मला म्हणाली, “तेव्हा घसा फुटेस्तोवर ओरडलो बाई, कोणी ऐकलं नाही. आता ओरडू नका म्हणतात आणि त्याचे पैसे देतात.”

ते पैसेसुद्धा सुमारे तीन महिन्यांनी हाती आले. ज्या कागदावर मी सही केली त्यावरचा आकडा आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक होता. मधला भाग सप्लायरचा. कोणत्या दराने, ते मी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला पुढच्या आठवड्यात निरोप येत नसे. मी का विचारले नाही, याची लाज मला आजही वाटते. पण संघटनेवाचून एकट्याने विचारणे किती कठीण असते, हेही मी त्या दिवशी शिकले.

स्टुडिओकडून सप्लायरकडे

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्या काळी सिनेमात काम करणे हलके समजले जाई. म्हणून कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, असे फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकविले होते, अशी आठवण सांगतात. लोकलज्जेसाठी दिलेले ते उत्तर वस्तुस्थितीला धरून होते. तो कारखानाच होता.

पुढे १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, मुंबईची बॉम्बे टॉकीज यांसारख्या संस्थांत नटांपासून सुतारांपर्यंत माणसे मासिक पगारावर होती. मालक-नोकर संबंध तेथेही होता, त्याचे उदात्तीकरण नको. पण माणसाचे नाव वहीत होते आणि पहिल्या तारखेला पगार होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळा पैसा या धंद्यात शिरला. स्वतंत्र निर्माते आले, नटश्रेष्ठांचे भाव चढले, आणि पगारी स्टुडिओंची व्यवस्था मोडत गेली. प्रभात १९५३ साली बंद पडली. स्टुडिओ भाड्याच्या जागा झाल्या आणि गर्दी भाड्याची माणसे झाली. मालक आणि कामगार यांच्यामध्ये सप्लायर उभा राहिला. कापड गिरणीतील जॉबर, ऊसतोडीतील मुकादम आणि चित्रपटातील सप्लायर हे एकाच घराण्यातील पुरुष आहेत. विटभट्टीवर जाणाऱ्या छत्तीसगढी मजुराला उचल देणारा सरदार तुम्ही पाहिलेला आहे. त्याच्या हातात मोबाईल दिला की सप्लायर तयार होतो.

दोन प्रकारची गर्दी

गर्दीचे काम नेहमी असेच व्हावे लागते असे नाही. इतिहासात दुसरा मार्गही दिसतो. १९४६ साली इप्टाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धरती के लाल’ हा बंगालच्या दुष्काळावरील चित्रपट काढला. त्यातील काही चित्रीकरण आपल्या धुळे भागात किसान सभेच्या सहकार्याने झाले. बंगालचे भुकेले शेतकरी म्हणून जे चालले ते खरे शेतकरी होते. त्यांना श्रीमंती मिळाली नाही, पण आपण कोणाचे दुःख मांडतो आहोत हे त्यांना माहीत होते, आणि तो चित्रपट त्यांच्या चळवळीचा होता.

त्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. ‘गांधी’ या चित्रपटातील अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. तीन लाखांहून अधिक माणसे त्यात होती. एका दृश्यातील गर्दीचा तो जागतिक विक्रम म्हणून नोंदविला गेला. त्यांपैकी ९४,५६० माणसांना अल्प मोबदला देण्यात आला. उरलेली सुमारे दोन लाख माणसे स्वेच्छेने, विनामूल्य आली. अकरा पथकांनी त्या दिवशी वीस हजार फूट फिल्म चित्रित केली आणि चित्रपटात दृश्य राहिले सव्वाशे सेकंदांचे. जे स्वेच्छेने आले त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. महात्म्याला पुन्हा एकदा खांदा द्यावा म्हणून ते आले होते. पण त्या भावनेतून जो माल निर्माण झाला तो जगभर विकला गेला, आणि भावनेची किंमत हिशेबात शून्य धरली गेली. हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे, कारण उद्या येथेही असेच सांगितले जाईल : आपल्या छत्तीसगढचे नाव होणार आहे, मजुरीचे काय घेऊन बसलात?

बासष्ट माणसे

मजुरी बुडाली तर ती पुन्हा मिळविता येते. जीव गेला तर काय? ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमिअर स्टुडिओत दूरदर्शनसाठी ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग लागली. बंदिस्त जागा, हवा खेळती नाही, तारा सैल, आग विझविण्याची साधने अपुरी. बासष्ट माणसे दगावली. मालिकेचे प्रमुख नट व दिग्दर्शक स्वतः गंभीर भाजले आणि दीर्घकाळ रुग्णालयात होते. त्यांच्या यातना खऱ्या होत्या आणि देशाने त्यांची विचारपूस केली. पुढे मालिका पडद्यावर आली, घराघरात पाहिली गेली. परंतु त्या बासष्टांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात कोणाला सांगता येईल काय? मलाही सांगता येत नाही. खाणीत अपघात झाला तर निदान हजेरीच्या वहीवरून कोण आत होते हे कळते. तंबूत, गोदामात, उभारलेल्या खोट्या महालात शंभर माणसे कोंबली आणि त्यांची नोंद केवळ सप्लायरच्या डोक्यात असली, तर मृतांची मोजदाद कोण करणार? हजेरीपट ही कारकुनी बाब नाही, साथींनो. ती जिवाची बाब आहे.

कायदा काय सांगतो

१९८१ साली संसदेने या धंद्यासाठी कायदे केले. सिने-कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणाऱ्या कायद्याने, थेट किंवा कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर ठेवू नये असे ठरविले. इतर कायद्यांनी कल्याण निधी उभारला आणि त्यासाठी चित्रपटांवर उपकर बसविला. कागदावर हे पाऊल पुढचे होते. प्रत्यक्षात दोन भोके राहिली. पहिले असे की हे कायदे कथाचित्रपटांपुरते होते; १९९० नंतर खासगी वाहिन्यांच्या रोजच्या मालिकांनी जे अफाट काम निर्माण केले ते त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरे असे की कल्याण निधीचा लाभ मिळण्यासाठी निदान पाच चित्रपटांत काम केलेले असले पाहिजे, अशी अट होती. ज्याला एकाही दिवसाचा कागद मिळत नाही त्याने पाच चित्रपट कशाने सिद्ध करावेत? त्याचा चेहरा पडद्यावर आहे, पण कचेरीत चेहरा पुरावा होत नाही. पुढे २०१६ साली तो उपकरही रद्द झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या. त्यांतील कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयीच्या संहितेत १९८१ चा नियमनाचा कायदा विलीन झाला आणि ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी नवी व्याख्या आली. मालिकांतील कामगार तीत येतो, लेखी कराराची अटही आहे. या संहितांनी संपाच्या व संघटनेच्या हक्कांवर जे आघात केले आहेत त्यांविरुद्धचा आपला लढा चालूच राहील. परंतु ज्या कलमाचा कामगाराला उपयोग होईल ते कलम आपण हाती घेतले पाहिजे. कायद्यातील शब्द आपोआप चालत नाही, त्याला चालवावा लागतो.

कोरोनाच्या काळाने नोंदीचे महत्त्व क्रूरपणे शिकविले. १९ मार्च २०२० पासून मुंबईतील चित्रीकरण थांबले. ज्यांची नावे संघटनेच्या यादीत होती त्यांच्यापर्यंत थोडी मदत पोहोचू शकली. ज्यांचे नाव कोठेच नव्हते त्यांना कोण शोधणार? चित्रीकरण पुन्हा सुरू करताना महाराष्ट्र शासनाने पासष्ट वर्षांवरील माणसांना सेटवर बंदी घातली. चाळीस वर्षे लहानसहान भूमिका करणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या कलावंताने या बंदीला आव्हान दिले, आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. दुकाने, बाजार यांत वृद्धांना बंदी नाही, मग येथेच का, हा त्यामागील प्रश्न होता. त्या वृद्ध माणसाने कोणतीही भीक मागितली नाही. आपल्याला काम करू द्यावे एवढेच त्याचे मागणे होते.

संघटनेचे दार

मुंबईत या कामगारांच्या संघटना आहेत. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन, स्त्रियांचा महिला कलाकार संघ, आणि चित्रपट कामगारांच्या अनेक संघटनांना एकत्र आणणारा पश्चिम भारतातील महासंघ. १ ऑक्टोबर २००८ रोजी या महासंघाच्या हाकेने मुंबईतील चित्रीकरण ठप्प झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा संप झाला. त्यात आठ तासांच्या पाळीची मागणी होती. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली ज्या आठ तासांसाठी रक्त सांडले, ते आठ तास एकविसाव्या शतकात झगमगत्या धंद्यात अजून मागावे लागतात, यावरून त्या झगमगाटाची किंमत कळते.

पण आपल्या व्यासपीठावर आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. संघटना हे कामगाराचे घर असते. तिचे दार आतून लावून घेतले की तेच घर नव्या कामगाराला भिंत होते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारू खुराना यांच्या प्रकरणात निकाल दिला. स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सभासदत्व न देण्याचा एका सिने-संघटनेचा नियम घटनाविरोधी ठरला. स्त्रीने केशभूषा करावी, रंगभूषा पुरुषानेच करावी, असा तो दंडक होता. एका कामगार संघटनेला समतेचा धडा न्यायालयाने द्यावा, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट नव्हे.

आणि केरळ. तेथील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चित्रपटधंद्यातील स्त्रियांची स्थिती तपासणारी देशातील ती पहिलीच अशी समिती. त्याचे श्रेय घेतले पाहिजे. समितीने गर्दीतील कलाकारांचे हाल स्पष्ट शब्दांत नोंदविले : पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, मधल्या माणसांनी खाल्लेली मजुरी, आणि दाद मागायला कोणतीही संघटना नाही. पण डिसेंबर २०१९ मध्ये सादर झालेला अहवाल लोकांसमोर आला तो १९ ऑगस्ट २०२४ रोजी. साडेचार वर्षे तो कपाटात राहिला. श्रेय घेताना हा उशीरही आपल्या नावावर मांडला पाहिजे.

शरीराचा साचा

आता एका नव्या संकटाकडे वळते. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ असा ११८ दिवसांचा संप केला. त्यातील एक मोठा प्रश्न गर्दीतील कलाकारांचाच होता. यंत्राने माणसाचे शरीर सर्व बाजूंनी टिपून घ्यायचे आणि त्याचा साचा संगणकात ठेवून पुढे वाटेल तितक्या वेळा वापरायचा, ही भीती त्यांच्यापुढे उभी होती. त्या संपातून झालेल्या करारात संमतीची आणि मोबदल्याची अट आली, आणि करारात ठरलेली गर्दीची संख्या अशा साच्यांनी भरून काढता येणार नाही असेही ठरले. जेथे संघटना होती तेथे ही अट आली. जेथे संघटना नाही तेथे एका दिवसाच्या मजुरीत माणसाचा देह कायमचा विकत घेतला जाईल, आणि त्याला कळणारही नाही. आजवर मालक श्रमशक्ती दिवसाच्या हिशेबाने विकत घेत आला. आता एका दिवसाच्या दामात तो पुढचे सगळे दिवस मागतो आहे.

अभनपुरचे काम

छत्तीसगढला कलावंत नवे नाहीत. येथील नाचामध्ये रात्रभर गाव जागे ठेवणारा शेतमजूर हा नावाने ओळखला जाणारा कलावंत होता. रायपूरचे हबीब तन्वीर यांनी १९५८ साली याच मातीतील सहा कलावंत दिल्लीला नेले आणि ‘मिट्टी की गाडी’ उभे केले. फिदाबाई, ठाकुरराम, गोविंदराम निर्मलकर ही नावे देशाला माहीत झाली. छत्तीसगढी चित्रपटाचा आरंभ १९६५ साली मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’ने झाला, आणि तो जातिभेदाविरुद्धचा चित्रपट होता. ज्या मातीत कलावंताला नाव होते, तेथील माणूस फिल्मसिटीत निनावी गर्दी म्हणून शिरावा, हे आपण निमूटपणे पाहायचे काय?

संघटनेचा धडाही जवळच आहे. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या ‘न्यूटन’चे चित्रीकरण दल्ली-राजहरा परिसरात झाले आणि स्थानिक माणसे त्यात होती. याच दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर आपली संघटना उभारली, गोळीबार सोसला, आणि पुढे स्वतःचे शहीद रुग्णालय बांधले. कंत्राटी मजूर संघटित होऊच शकत नाही, असे तेव्हा प्रस्थापित संघटनांतील अनेकांना वाटत होते. त्यांची ती चूक होती. तीच चूक आपण चित्रपटाच्या गर्दीबाबत करू नये.

म्हणून माझ्या सूचना मोजक्या आहेत. एक : चित्रीकरणासाठी बोलाविलेल्या प्रत्येक माणसाचे नाव हजेरीपटावर यावे आणि त्याला त्या दिवसाची चिठ्ठी मिळावी. रोजगार हमीच्या कामांनी येथील बायकांना हजेरीपट वाचायला शिकविले आहे. हा धडा वाया जाऊ देऊ नये. दोन : मजुरी कामगाराच्या खात्यात थेट जावी, सप्लायरचे पैसे निर्मात्याने वेगळे द्यावेत. तीन : आठ तासांची पाळी, त्यापुढे दुप्पट दर. चार : पाणी, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, आणि रात्री काम संपल्यास स्त्रियांना घरापर्यंत वाहन. पाच : विमा, आणि प्रत्येक बंदिस्त सेटला दोन दारे व आग विझविण्याची चालू साधने. सहा : लेखी संमती व स्वतंत्र मोबदला यांशिवाय कोणाच्याही शरीराचा साचा घेऊ नये.

यांतील एकही मागणी सकाळच्या सत्रातील शेतमजुरांच्या मागण्यांहून वेगळ्या जातीची नाही. शेतमजूर संघटनेची जी वही प्रत्येक गावात आहे, तिच्यात एक पान वाढवावे. पहिल्या दिवशी बोलावणे येईल तेव्हा माणसे एकेकटी जाऊ नयेत. गावातून गट करून, दर विचारून, नावे लिहून जावीत. मी एकटी होते म्हणून विचारू शकले नाही. वीस जणी असतो तर विचारले असते.

ती गिरणी कामगाराची बायको पुन्हा मला भेटली नाही. तिचे नाव मी विचारले नव्हते. आपल्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून नावे असली पाहिजेत, आणि त्या माणसांच्या घोषणेला आवाज असला पाहिजे.

लाल सलाम.